बीव्हरचा बंधारा आणि तात्यांचं शेत

मैत्रिणींनो, लंडनहून परत आले तेव्हा गटातल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला, "राजवाडा पाहिलास का गं?" पाहिला की. बाहेरून. तो नदीकाठचा मोठ्ठा पाळणाही पाहिला, खालूनच. तिकिटाचा आकडा ऐकून वर जायची इच्छाच राहिली नाही. पण त्या सहा आठवड्यांतलं खरं लक्षात राहिलं ते वेगळंच. दुकानांच्या एका भल्या मोठ्या आवारामागे, चिखलात, काटक्या-कुटक्यांनी बांधलेला एक बंधारा. आणि तो बांधला होता एका जनावरानं!

धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून जून २०२४मध्ये मी तिच्याकडे गेले होते. ती लंडनच्या पश्चिमेला ग्रीनफर्डजवळ राहते. दिवसभर तिचा स्वयंपाक, तिचे व्यायाम, औषधं. एका संध्याकाळी भाची म्हणाली, "मावशी, चल, तुला बीव्हर दाखवते." मला वाटलं, आपलं पाणमांजर असेल. वाटेत तिनं सांगितलं, पाणमांजर मासे खातं, बीव्हर मासा तोंडाला लावत नाही. पक्का शाकाहारी. म्हटलं, मग आपल्यातलाच!

पॅराडाइज फील्ड्स असं त्या जागेचं नाव. पूर्वी तिथे गोल्फचं मैदान होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये स्कॉटलंडहून आणलेलं पाच बीव्हरचं कुटुंब, म्हणजे आई-बाप आणि तीन पिल्लं, तिथे कुंपणात सोडलं. जवळच्या स्टेशनच्या परिसरात पावसाचं पाणी तुंबायचं. वरच्या अंगाला पाणी अडलं तर खाली तुंबणार नाही, हा त्यामागचा एक विचार.

तिकडे जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. आम्ही गप्प उभ्या होतो. डास चावत होते (हो, लंडनलाही डास असतात). समोर ओढ्यासारखा एक प्रवाह, आणि त्यावर आडवी रचलेली फांद्यांची, चिखलाची, गवताची भिंत. वरच्या बाजूला पाणी थोपलेलं, खालच्या बाजूला बारीक झिरपतंय. मी नकळत मोठ्यानं बोलून गेले, "अगं, हा तर आपला वनराई बंधारा!" भाचीनं तोंडावर बोट ठेवलं. थोड्या वेळानं पाण्यावर एक तपकिरी डोकं आलं, सरळ रेघ ओढत गेलं आणि बुडालं. एवढंच दर्शन. पण मी त्या भिंतीकडेच बघत राहिले, कारण मला आमचा फुटलेला बंधारा आठवत होता.

तो बंधारा कसा फुटला, ते आधी सांगते.

आमचा भाग माण-खटावकडचा. पाऊस कमी, ओढे पावसाळ्यानंतर महिना-दीड महिना वाहतात आणि मग कोरडे ठणठणीत. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओढा वाहता असतानाच सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून, तोंडं शिवून, ती ओढ्यात आडवी रचायची. हाच वनराई बंधारा. खर्च जवळजवळ नाही, लागतात फक्त हात. आमचा बचत गट हे काम करायचा. खालच्या वस्तीवरच्या विहिरीला त्यानं पाणी टिकायचं आणि बायकांच्या डोक्यावरचा हंडा दोन महिने तरी उशिरा चढायचा.

२०२२ला पाऊस लांबला. बंधाऱ्याचं पाणी इतकं चढलं की ओढ्याकाठच्या सखल शेतात शिरलं. ते शेत ज्यांचं, त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांची शाळू ज्वारी पाण्यात उभी राहून पिवळी पडली. ते दोनदा सांगायला आले. आम्ही म्हटलं, "तात्या, गावाच्या पाण्यासाठी थोडं सोसा." एका रात्री त्यांनी मधली दहा-बारा पोती ओढून काढली. सकाळी बंधारा रिकामा!

मग काय विचारता. ग्रामसभेत मी स्वतः त्यांना नको नको ते बोलले. पाण्याचा वैरी म्हणाले. माणूस मान खाली घालून निघून गेला. पुढच्या वर्षी, २०२३ला, पाऊसच कमी झाला आणि जो काही ओढा आला तो अडवायला भांडणामुळे कोणी पुढे झालं नाही. २०२४च्या उन्हाळ्यात खालच्या वस्तीला टँकर. मी लंडनच्या विमानात बसले तेव्हा मनात ही सल होती, आणि राग सगळा तात्यांवर होता.

आता बीव्हरकडे येते. हा उंदीर-घुशीच्या जातीतला प्राणी, पण चांगला वीस-पंचवीस किलोचा. शेपूट वल्ह्यासारखं चपटं. पुढचे दात केशरी, कारण दातांच्या कवचात लोह असतं. दात जन्मभर वाढतात आणि कुरतडून झिजतात. त्या दातांनी तो झाड पाडतो, साल खातो आणि उरलेलं लाकूड बांधकामाला लावतो. काही वाया म्हणून घालवायचं नाही. घर पाण्यात, पण राहायची जागा पाण्याच्या वर आणि दार मात्र पाण्याखाली, म्हणजे लांडगा-कोल्हा आत येऊ शकत नाही. दार पाण्याखाली राहायचं तर पाणी खोल हवं. त्यासाठी बंधारा. गावाचं भलं करावं असं काही त्याच्या डोक्यात नसतं. तो आपलं घर राखतो. नर-मादी सहसा जन्माचे जोडीदार, बांधकाम दोघं मिळून करतात, पिल्लं दोन वर्षांची होईपर्यंत घरी राहतात आणि मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळतात. (हे वाक्य मी "आमच्या ह्यांना" मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं.)

वाहत्या पाण्याचा आवाज झाला की त्याला राहवत नाही. स्वीडनमधल्या लार्स विल्सन या अभ्यासकानं स्पीकरवर पाण्याचा खळखळाट ऐकवला, तर बीव्हरनी त्या स्पीकरवरच काटक्या आणि चिखल रचला! रात्री मोरीतला नळ टपटपत असला की मलाही झोप येत नाही, त्यामुळे मला हे एकदम पटलं.

पाणी अडलं की ते थांबतं, पसरतं, जमिनीत मुरतं. गाळ खाली बसतो. बेडूक, चतुर, बदकं, वटवाघळं येतात. पावसात लोंढा एकदम खाली जात नाही, उन्हाळ्यात ओढा एकदम आटत नाही. आपण भिंतीवर "पाणी अडवा, पाणी जिरवा" रंगवतो, तेच हा न शिकता करतो. अमेरिकेत आयडाहो राज्यात २०१८ला मोठा वणवा लागला. त्याचा एक फोटो भाचीनं दाखवला. दोन्ही बाजूंचे डोंगर जळून काळे ठिक्कर, आणि मधून बीव्हरच्या बंधाऱ्यांची ओली दरी हिरवीगार.

मग इतक्या गुणी प्राण्याला लोकांनी ठेवलं का? छे! टोप्यांसाठी मारलं.

त्याच्या अंगावर लांब केसांखाली दाट, मऊ लोकर असते. तिचा नमदा उत्तम होतो आणि त्या नमद्याच्या टोप्या दोन-तीनशे वर्षं युरोपात प्रतिष्ठेच्या मानल्या जात. युरोपातले बीव्हर संपत आले तेव्हा व्यापारी उत्तर अमेरिकेत पोचले. १६७०मध्ये इंग्लंडच्या राजाच्या सनदेनं हडसन्स बे कंपनी निघाली. तिच्या ठाण्यांवर मालाची किंमत बीव्हरच्या कातड्यात मोजत. म्हणजे कातडं हेच नाणं! ब्रिटनमधला बीव्हर सुमारे चारशे वर्षांपूर्वी संपला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साऱ्या युरोपात मिळून उरले अंदाजे १२००. बायकांच्या दागिन्यांच्या हौसेला नावं ठेवणाऱ्यांनी पुरुषांच्या या टोप्यांचाही हिशोब करावा.

एक गोष्ट मात्र निवांत सांगण्यासारखी आहे. भाचीनं ग्रंथालयातून एक पुस्तक आणून दिलं. बी.ए.ला माझा विषय मराठी, इंग्रजी मी अडखळत वाचते, पण हे रात्री जागून वाचलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एरिक कॉलियर नावाचा इंग्लंडहून आलेला तरुण राहत होता. त्याची बायको लिलियन. लिलियनची आजी तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, नाव लाला. त्या म्हातारीनं गोऱ्यांच्या येण्याआधीचे दिवस पाहिले होते. ती एरिकला सांगायची, मेल्ड्रम क्रीकच्या ओढ्यावर पूर्वी बीव्हर होते तेव्हा पाणी होतं, मासे होते, पाखरं होती. कातड्यासाठी बीव्हर मारले, बंधारे फुटले आणि सगळं गेलं. ती म्हणाली, तुम्ही दोघं तिथे जा आणि बीव्हर परत आणा.

आजेसासूचं कोण ऐकतं? यानं ऐकलं. १९३१मध्ये नवरा, बायको आणि कडेवरचं पोर असे तिघं गाडीत सामान भरून त्या ओसाड ओढ्यावर राहायला गेले. तळी आटलेली, रान वणव्यांनी जळलेलं, खालच्या अंगाच्या गुरंवाल्यांना गवत भिजवायला पाणी पुरत नव्हतं. बीव्हर आणायचे कुठून? तर या नवरा-बायकोनं बीव्हरचे जुने फुटके बंधारे स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायला घेतले. माती, फांद्या, फावडं. लिलियन बरोबरीनं राबली. पाणी साचू लागलं, पाखरं परत आली. आणि दहा वर्षांनी, १९४१मध्ये, सरकारी शिकार खात्यानं त्यांना बीव्हरच्या दोन जोड्या दिल्या. पुढचं काम त्या जोड्यांनी आणि त्यांच्या पोरा-नातवंडांनी केलं. एरिकनं १९५९मध्ये 'थ्री अगेन्स्ट द वाइल्डरनेस' हे पुस्तक लिहिलं, म्हणून आपल्याला हे कळतं. मला मात्र राहून राहून लाला आठवते. लिहिता न येणारी, पण ओढ्याचा सारा हिशोब तोंडपाठ असलेली. आपल्याकडेही कुठला झरा कधी आटला हे विचारायचं तर वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनाच विचारावं लागतं.

सरकारी खात्यांचंही मन हळूहळू बदललं, पण काय एकेक तऱ्हा! आयडाहोत १९४८मध्ये वस्तीजवळ त्रास देणारे बीव्हर मारण्याऐवजी दूरच्या डोंगरात नेऊन सोडायचं ठरलं. तिथे रस्ता नव्हता. मग काय केलं असेल? महायुद्धातून उरलेली पॅराशूटं घेतली, जमिनीवर टेकताच उघडणाऱ्या लाकडी पेट्या केल्या आणि बीव्हर विमानातून खाली सोडले! चाचणीसाठी एका म्हाताऱ्या बीव्हरला पुनःपुन्हा टाकलं. त्याचं नाव जेरोनिमो. शेवटी बिचारा माणसं जवळ आली की आपणहून पेटीत जाऊन बसायचा. बक्षीस म्हणून त्याला पहिल्याच फेरीत तीन माद्यांसोबत पाठवलं. एकूण ७६ सोडले, एक दगावला, बाकीच्यांनी तिथे संसार थाटले.

इंग्लंडमध्ये बीव्हर परत आले ते जरा चोरपावलांनीच. डेव्हन परगण्यातल्या ऑटर नदीत (नदीचं नाव पाणमांजर, राहतात बीव्हर) ते कोणी सोडले, कसे आले, याचा पत्ता लागला नाही. २०१४मध्ये सरकारनं ते पकडून हलवायचं ठरवलं. गावकरी आणि डेव्हनच्या वन्यजीव संस्थेनं विरोध केला. मग २०१५पासून पाच वर्षं त्यांना तिथेच ठेवून अभ्यास झाला आणि २०२०मध्ये कायमचं राहायची परवानगी मिळाली. १ ऑक्टोबर २०२२पासून इंग्लंडमध्ये बीव्हरला कायद्याचं संरक्षण आहे. परवान्याशिवाय मारणं गुन्हा. मी परत आल्यानंतर, मार्च २०२५मध्ये, डोरसेट परगण्यात सरकारी परवान्यानं दोन जोड्या कुंपणाबाहेर, मोकळ्या सोडल्या. युरोपातली संख्याही आता १५ लाखांच्या घरात गेली आहे.

त्या पाच वर्षांच्या अभ्यासाबद्दल भाची मला बसमध्ये समजावून सांगत होती. एका गावाच्या वरच्या अंगाला बीव्हरनी बंधारे घातले आणि गावात येणाऱ्या पुराचा जोर कमी झाला. फायदे तोट्यांपेक्षा जास्त निघाले. "पण मावशी," ती म्हणाली, "त्यांनी एक गोष्ट लिहिली आहे. ज्यांना फायदा होतो ते लोक वेगळे, आणि ज्यांचं नुकसान होतं ते वेगळे असू शकतात."

बस चालली होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या डोळ्यांसमोर तात्यांची पिवळी पडलेली ज्वारी आली. हंडा उतरला तो खालच्या वस्तीचा. पीक गेलं ते तात्यांचं. आणि आम्ही त्या माणसाला काय दिलं? भर ग्रामसभेत शिव्या!

"मग त्या शेतकऱ्यांचं करतात काय?" मी विचारलं. तर तिनं सांगितलं, सल्ला द्यायला, मदतीला माणसं ठेवली आहेत. मोलाच्या झाडांच्या बुंध्याला जाळी गुंडाळतात. आणि बंधाऱ्याचं पाणी शेतात चढत असेल तर बंधाऱ्यातून एक पाईप काढतात. पाईपचं वरचं तोंड बंधाऱ्यापासून लांब, पाण्याखाली, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात, म्हणजे पाणी कुठून जातंय हे बीव्हरला कळत नाही आणि तो ते बुजवायला जात नाही. पाईप ज्या उंचीवर बसवाल त्याच्या फार वर पाणी चढत नाही. बंधाराही राहतो, शेतही राहतं.

इतकं साधं! पोती ओढून काढायची गरज नाही, भांडायची गरज नाही. एक पाईप.

सगळीकडेच बीव्हर चांगला, असं मात्र समजू नका. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला, अर्जेंटिनाच्या तिएरा देल फ्वेगो बेटावर १९४६मध्ये कातड्याच्या धंद्यासाठी कॅनडाहून वीस बीव्हर नेऊन सोडले. धंदा चाललाच नाही. बीव्हर मात्र वाढतच गेले, पलीकडे चिलीतही पोचले. तिथली झाडं बीव्हरची सवय नसलेली. कुरतडलं की पुन्हा फुटत नाहीत, पाण्यात उभी मरतात. शेकडो मैल जंगल उभ्या उभ्या वाळलं. आता तिथे त्यांना मारण्याचे कार्यक्रम चालतात. म्हणजे कॅनडात जो राखणदार, तो तिथे टोळधाड, आणि दोष बीव्हरचा नाही. आपल्याकडे तो कधी नव्हता आणि आणायचाही नाही. आपल्या ओढ्यांना आपले हात पुरे.

आणि हो, हसायला एक घ्या. चेक देशात ब्रडी नावाच्या संरक्षित प्रदेशात बंधारे बांधायची सरकारी योजना २०१८पासून कागदावर होती. परवानग्या झाल्या, जमिनीच्या वाटाघाटी संपेनात. २०२५च्या सुरुवातीला बातमी आली की आठ बीव्हरनी नेमक्या त्याच भागात बंधारे घालून टाकले. सरकारचे तीन कोटी क्राउन वाचले! ना टेंडर, ना उद्घाटन, ना नारळ.

गावी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी तात्यांकडे गेले. पाय उचलत नव्हते. त्यांच्या मालकीणबाईंनी चहा ठेवला, पण तात्या बाजेवरून उठले नाहीत. मी म्हटलं, "तात्या, त्या वेळी माझं चुकलं. तुमच्या ज्वारीचं मी विचारलंही नाही." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाण्याचा वैरी म्हणालीस तू मला. माझा बाप विहीर खणताना गेला."

हे मला ठाऊक नव्हतं. चहा तसाच गार झाला.

मी पाईपचं सांगितलं. बीव्हरचंही सांगितलं. फोनवरचा फोटो त्यांनी लांब धरून पाहिला, "घूसच की ही," म्हणाले. पण पाईपचं म्हटल्यावर उठून बसले. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर आम्हांला घेऊन गेले आणि काठावरच्या एका दगडावर चुन्यानं रेघ मारली. "इथवर पाणी चढू दे. याच्या वर आलं की माझ्या बांधाला लागतं." इतक्या वर्षांत आम्ही कोणी त्यांना ही रेघ विचारली नव्हती.

नोव्हेंबर २०२४मध्ये बंधारा घातला तो त्या रेघेच्या हिशोबानं. सहा इंची पीव्हीसी पाईप गटाच्या पैशातून आणला, वरच्या तोंडाला जाळी बांधली. आपल्याकडे बुजवायला बीव्हर नाही, पण पालापाचोळा आहेच. पहिल्याच आठवड्यात जाळी तुंबली आणि पाणी रेघेच्या वर चार बोटं चढलं. माझ्या पोटात गोळा! फोन आला तो तात्यांचाच. म्हणाले, "काढलाय पाला. उद्यापासून मीच बघतो."

त्या वर्षी पाऊसही बरा होता, त्यामुळे बंधाऱ्यानं किती केलं आणि पावसानं किती, हे मी छातीठोक सांगणार नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये वस्तीच्या विहिरीत पोहरा बुडत होता आणि तात्यांच्या घरी ज्वारी होती, एवढं सांगते.

भाचीला मी रेघेच्या दगडाचा फोटो पाठवला. तिचा उलट प्रश्न आला, "मावशी, पाईपच्या जाळीला भोकं केवढी ठेवली आहेत?" तात्यांना विचारून कळवते म्हटलं.

यंदा बंधाऱ्याला तीनशे पोती लागतील. घराची कामं चालू असतील त्यांनी सिमेंटची रिकामी पोती टाकून देऊ नयेत, धुऊन आमच्याकडे द्यावीत. सुतळी आणि दाभण आपापलं आणायचं. रविवारी सकाळी आठला ओढ्यावर जमतोय. तात्या साडेसातलाच येऊन बसतात, तेव्हा उशीर करू नका.